फ्लूची साथ : वेगळे ठेवावे, पण एकटे टाकू नये



तापाची साथ आली म्हणजे आपल्या घरांत बहुधा दोन प्रकारच्या चुका घडतात. काही घरांत आजारी माणूस सर्वांच्या मध्येच वावरतो. त्याच अंथरुणावर नातवंडे खेळतात, त्याच टॉवेलाला सर्व जण हात पुसतात, आणि कोणी शंका काढलीच तर, "साधा थंडी-ताप आहे, चार दिवसांत उतरेल," असे उत्तर मिळते. दुसऱ्या काही घरांत याच्या उलट होते. सन २०२० व २०२१ मधील कोविडच्या भीतीची आठवण मनात धरून आजाऱ्याच्या खोलीचे दार लावून घेतले जाते, ताट उंबरठ्याशी सरकवले जाते आणि मग दिवसभर कोणी त्याची हाकही ऐकत नाही. पहिल्या चुकीमुळे घरातील दुर्बल माणूस आजारात सापडतो. दुसरीमुळे आजारी माणूस बिघडत असताना कोणाच्या ध्यानात येत नाही. या दोहोंमधून जाणारी वाट कोणती, हे या पाठात पाहावयाचे आहे.

१. साधे पडसे आणि फ्लू

आपल्या बोलण्यात पडसे, खोकला, थंडी-ताप हे सर्व एकाच टोपलीत पडते. फ्लू, म्हणजे इन्फ्लुएन्झा, हा मात्र एका विशिष्ट विषाणूमुळे होणारा श्वसनमार्गाचा रोग आहे. माणसांत दरवर्षी साथी आणणारे त्याचे मुख्य प्रकार 'ए' आणि 'बी' हे होत. पडसे हळूहळू चढते; नाक वाहते, शिंका येतात, पण माणूस कामावर जाऊ शकतो. फ्लू बहुधा अकस्मात येतो. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी थंडी वाजून, अंग मोडून, डोके धरून आडवा होतो. जोराचा ताप, कोरडा खोकला, घसा दुखणे आणि विलक्षण थकवा ही त्याची लक्षणे आहेत. लहान मुलांना उलट्या-जुलाबही होतात. वृद्धांना कित्येकदा ताप फारसा येत नाही. ते केवळ गळून जातात, जेवेनासे होतात किंवा असंबद्ध बोलू लागतात. म्हणून "आजीला ताप नाही, तेव्हा काळजी नाही," असे म्हणू नये.

निरोगी माणसाचा ताप बहुतेक वेळा तीन ते पाच दिवसांत उतरतो. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. पण हा रोग नेहमीच इतका सौम्य राहत नाही, हे आपल्या देशाने पाहिले आहे. जून १९१८ मध्ये मुंबईत शिरलेली इन्फ्लुएन्झाची साथ त्याच वर्षीच्या सप्टेंबरात उग्र होऊन देशभर पसरली आणि तिने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या तोंडी तिचे नाव 'मानमोडी' असे होते. २००९ मध्ये नव्या 'एच वन एन वन' फ्लूने देशातील पहिला बळी घेतला तो ३ ऑगस्ट रोजी पुण्यातील एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. ज्याला तेव्हा स्वाइन फ्लू म्हणत तो विषाणू कोठे निघून गेलेला नाही. आज तो हंगामी फ्लूच्याच विषाणूंपैकी एक होऊन राहिला आहे. २०१५ मध्ये त्यानेच देशात सुमारे तीन हजार माणसांचा प्राण घेतला.

२. साथीचा हंगाम सर्वत्र एक नाही

आपले वाचक मुंबई-पुण्यापासून इंदूर, हैदराबाद, दिल्लीपर्यंत विखुरलेले आहेत, म्हणून ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. युरोप-अमेरिकेत फ्लू हा हिवाळ्याचा रोग आहे. भारताच्या बहुतेक भागात मात्र त्याची मोठी लाट पावसाळ्यात, साधारणपणे जून-जुलैपासून सप्टेंबरपर्यंत येते. काश्मीरच्या थंड प्रदेशात ती जानेवारी ते मार्चच्या सुमारास असते. चेन्नईकडे ईशान्येकडील पावसाच्या महिन्यांत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिचा जोर दिसतो. दिल्लीसारख्या ठिकाणी पावसाळ्याबरोबरच हिवाळ्यातही दुसरी लाट येऊ शकते. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'एच थ्री एन टू' या प्रकाराची लाट देशातील अनेक राज्यांत आली होती. आपण ज्या गावी राहतो तेथील हंगाम कोणता, हे प्रत्येक कुटुंबाने माहीत करून घ्यावे, कारण लस कधी घ्यावयाची हे त्यावर ठरते.

३. तो पसरतो कसा?

रोगी खोकतो, शिंकतो किंवा बोलतो तेव्हा उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून विषाणू जवळच्या माणसाच्या नाकातोंडात जातो. स्टील व प्लॅस्टिकसारख्या कठीण पृष्ठभागावर तो एक ते दोन दिवस टिकू शकतो. दाराची कडी, मोबाइल, नळाची तोटी यांना हात लावून तोच हात डोळ्यांना वा नाकाला लावला, तर रोग आपणच आपल्याला लावून घेतो.

विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात. रोगी दुसऱ्याला रोग देऊ लागतो तो लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून, आणि पुढे पाच ते सात दिवसांपर्यंत. लहान मुले त्याहूनही अधिक काळ. याचा अर्थ असा की घरात पहिला माणूस आडवा झाला त्या वेळी दुसऱ्याला लागण होऊन गेलेलीही असू शकते. म्हणून कोणी आणला, कोणामुळे झाले, असा दोषारोप करण्यात अर्थ नाही. पण सावधगिरी व्यर्थ आहे असेही यातून निघत नाही. पहिले तीन-चार दिवस संसर्ग सर्वाधिक असतो, आणि ते दिवस आपल्या हाती असतात.

४. घरात आधी कोणाला जपावे?

घरातील प्रत्येकाला सारखाच धोका नसतो. पासष्टीपुढील वृद्ध, पाच वर्षांखालील बालके, त्यांतही दोन वर्षांखालील, गरोदर स्त्रिया, आणि दमा, मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा कर्करोग असलेले यांच्यात फ्लू फुप्फुसांपर्यंत उतरण्याची भीती अधिक असते. साथ येण्यापूर्वीच कुटुंबाने एकत्र बसून आपल्या घरात असे कोण आहे हे ठरवावे. ताप कोणालाही येवो, त्या एका माणसाभोवती कुंपण कसे घालता येईल, हा पहिला प्रश्न असावा.

या यादीत आणखी एक नाव आपण लिहिले पाहिजे, आणि ते म्हणजे शुश्रूषा करणारीचे. १९१८ च्या साथीत हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मरण पावल्या. कुपोषण आणि आजाऱ्यांच्या सेवेचा भार ही त्याची कारणे मानली जातात. आजही सर्वांचे उशापायथ्याशी बसणे आईकडे असते, आणि ती स्वतः तापली की तापातच उभी राहून स्वयंपाक करते. त्या दिवशी चूल कोण सांभाळणार, हे आधीच ठरवून ठेवणे हाही कुटुंबरक्षणाचाच भाग आहे.

५. दोन खोल्यांच्या घरात वेगळे कसे ठेवावे?

स्वतंत्र खोली असेल तर उत्तमच. पण आपल्यापैकी अनेकांची घरे दोन खोल्यांची आहेत. तेथे पुढील गोष्टी करता येतात.

(अ) आजाऱ्याचे अंथरूण खिडकीशी घालावे आणि खिडकी उघडी ठेवावी. हवा खेळती राहिली की विषाणू विरळ होतात. पाऊस असला तरी सर्व झडपा लावून घेऊ नयेत. इतरांची अंथरुणे त्याच्यापासून किमान दोन हात दूर असावीत. त्याहून अधिक ठेवता आली तर चांगलेच. वृद्ध व बालक यांना शक्य तर दुसऱ्या खोलीत झोपवावे.

(आ) शुश्रूषेसाठी एकच माणूस नेमावा. तो तरुण व निरोगी असावा. आजाऱ्याजवळ जाताना त्याने आणि आजाऱ्याने, दोघांनीही, मास्क लावावा. मास्क ओला झाला की बदलावा.

(इ) पेला, ताट आणि टॉवेल वेगळे ठेवावेत. भांडी व कपडे नेहमीच्या साबणाने स्वच्छ होतात. ती उकळण्याची आवश्यकता नाही.

(ई) आजाऱ्याजवळून आल्यावर, स्वयंपाकापूर्वी आणि बाळाला घेण्यापूर्वी हात साबणाने निदान वीस सेकंद चोळून धुवावेत. कड्या, तोट्या, मोबाइल दिवसातून एकदोनदा पुसावेत.

(उ) खोकताना रुमाल किंवा कोपराचा आतला भाग तोंडाशी धरावा. ज्या पदराने वा ओढणीने आपले नाक पुसले त्याच पदराने बाळाचे तोंड पुसू नये.

अंगावर पाजणाऱ्या आईला फ्लू झाला तर तिने पाजणे थांबवू नये, कारण तिच्या दुधातून बाळाला संरक्षणच मिळते. तिने हात धुवून व मास्क लावून बाळाला घ्यावे. एरवी बाळ दुसऱ्याने सांभाळावे.

औषध न घेता ताप उतरून पूर्ण चोवीस तास झाल्यानंतरच शाळा, कार्यालय किंवा सभा यांचा विचार करावा. पॅरासिटामॉलची गोळी देऊन मुलाला शाळेत धाडणे म्हणजे साऱ्या वर्गाला ताप वाटणे होय.

६. शुश्रूषा आणि औषध

फ्लूत विश्रांती आणि पाणी ही दोन मोठी औषधे आहेत. पेज, मुगाचे कढण, सार, लिंबूपाणी, जलसंजीवनी, जे उतरेल ते थोडे थोडे पण वारंवार द्यावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांना किती पाणी द्यावयाचे हे मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. काढा वा वाफारा यांनी घशाला आराम पडतो, विषाणू मरत नाही. आणि वाफाऱ्याच्या पातेल्याने लहान मुले भाजतात, म्हणून त्यांना त्यापासून दूरच ठेवावे.

तापासाठी पॅरासिटामॉल द्यावे, मुलांना वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तेवढेच. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. त्याने मेंदू व यकृत यांना घातक असा विकार होऊ शकतो. पावसाळ्यात डेंग्यू आणि मलेरियाही असतात. त्यामुळे खोकला-सर्दी नसताना नुसताच ताप असेल तर रक्त तपासून घ्यावे, आणि डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी घेऊ नये.

अँटिबायोटिक गोळ्या विषाणूंवर चालत नाहीत. मार्च २०२३ च्या लाटेत भारतीय वैद्यक संघटनेने डॉक्टरांना व लोकांना हेच पुन्हा बजावले होते. मागच्या आजारपणातील उरलेल्या गोळ्या काढून देणे, किंवा औषधाच्या दुकानात सांगून दोन दिवसांचा 'कोर्स' घेणे यामुळे लाभ काही होत नाही. उलट पुढे न्यूमोनियासारखा जीवाणूजन्य रोग झाला तर तेच औषध निष्प्रभ ठरण्याची भीती असते. फ्लूवर ओसेल्टामिविर हे विषाणूरोधक औषध आहे. ते अठ्ठेचाळीस तासांच्या आत सुरू केल्यास अधिक उपयोगी पडते. ते सर्वांना लागत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शनानुसार सौम्य रोग्याला घरी विश्रांती पुरते. जोराचा ताप व घशाचा तीव्र त्रास असलेल्यांना, तसेच वर सांगितलेल्या दुर्बल गटांना डॉक्टर हे औषध देतात. आणि गंभीर लक्षणे असलेल्यांना रुग्णालयात दाखल करावे लागते. म्हणून घरातील वृद्ध, गरोदर किंवा मधुमेही माणसाला ताप आला तर "दोन दिवस पाहू" असे न म्हणता पहिल्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.

७. धोक्याची चिन्हे

वेगळे ठेवलेल्या माणसाकडे दर काही तासांनी पाहिले पाहिजे, रात्रीसुद्धा. पुढीलपैकी एकही चिन्ह दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे : धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त पडणे, ओठ किंवा नखे निळसर होणे, गुंगी किंवा भ्रम, लघवी फार कमी होणे. कोविडच्या काळात घेतलेले ऑक्सिमीटर घरात असेल तर त्यावरील आकडा ९४ च्या खाली जाणे हाही इशाराच समजावा.

मुलांमध्ये झटके येणे, दूध किंवा पाणी न घेणे, जागे न होणे, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे ही चिन्हे पाहावीत. मूल शांत असताना घड्याळ हाती धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक श्वास भरले तर ते न्यूमोनियाचे लक्षण असू शकते. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आलाच तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. आणखी एक : ताप उतरून माणूस सुधारत असता एकदोन दिवसांनी पुन्हा ताप व खोकला जोराने उलटला, तर फुप्फुसांत दुसरा संसर्ग झाला असण्याचा संभव असतो.

८. लस

फ्लूचा विषाणू वरचेवर रूप बदलतो. म्हणून गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते विषाणू असावेत हे सुचवते. लस घेतल्यावर संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे पावसाळी साथीच्या प्रदेशात ती एप्रिल-मेमध्ये, आणि काश्मीरसारख्या थंड प्रदेशात ऑक्टोबरच्या सुमारास घेणे योग्य. सहा महिन्यांवरील कोणालाही ती देता येते. पहिल्यांदाच घेणाऱ्या नऊ वर्षांखालील मुलांना एका महिन्याच्या अंतराने दोन मात्रा लागतात. सहा महिन्यांखालील बाळाला ती देता येत नाही. पण आईने गरोदरपणी घेतली तर बाळालाही जन्मानंतरचे काही महिने तिचा लाभ होतो.

लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असे नव्हे. विषाणूशी जुळणी चांगली झाली त्या वर्षी ती आजाराचा धोका साधारण चाळीस ते साठ टक्क्यांनी कमी करते. झालाच तर तो गंभीर होण्याची शक्यताही ती घटवते. टोचून दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, म्हणून "लसीनेच फ्लू झाला" ही समजूत खरी नाही. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ही लस नसल्यामुळे ती बहुधा विकत घ्यावी लागते. सर्वांपुरते पैसे नसतील तर प्रथम घरातील दुर्बल माणसाला आणि त्याची सेवा करणाऱ्याला द्यावी.

९. मंडळी, भेटी आणि एक शब्द

आजाऱ्याला भेटावयास जाणे हे आपण प्रेमाचे कर्तव्य मानतो, आणि ते योग्यच आहे. पण फ्लूच्या पहिल्या चार-पाच दिवसांत दहा माणसांनी खाटेभोवती बसणे हे आजाऱ्यालाही सोसत नाही आणि पुढे दहा घरांना भोवते. त्या दिवसांत फोनवर बोलावे, प्रार्थनाही फोनवर करावी, डबा पोहोचवावा, औषध आणून द्यावे. ताप अंगात असता उपासनेस येणे हा विश्वासाचा पुरावा नव्हे. शेजारच्या बाकावर कोणाची वृद्ध आई बसलेली असते. प्रभुभोजनात एकाच पेल्यातून घेण्याची रीत जेथे आहे, तेथे पाळकांनी व वडीलजनांनी साथीपुरता त्याचा विचार करावा.

वेगळे ठेवण्याने मन दुखावते, कारण आपण त्याचा अर्थ 'टाकणे' असा घेतो. याविषयी शास्त्रातील एका शब्दाकडे पाहण्यासारखे आहे. लेवीयच्या तेराव्या अध्यायात, अंगावर संशयास्पद चट्टा उठलेल्या माणसाला सात दिवस बंद ठेवून पुन्हा तपासावे असे सांगितले आहे. हा अध्याय फ्लूविषयी नाही, आणि त्याचा आधार घेऊन कुष्ठरोग्यांना शतकानुशतके गावाबाहेर ठेवले गेले हे दुःखद सत्य आपण विसरू नये. परंतु तेथे जो हिब्रू धातू आहे, त्याचा अर्थ 'बंद करणे' असा आहे, आणि तोच धातू उत्पत्तीच्या सातव्या अध्यायात नोहाच्या तारवाचे दार परमेश्वराने लावले तेथे येतो. तेथे दार लागते ते आतल्यांना वाचवण्यासाठी. गणनाच्या बाराव्या अध्यायात मिर्यामेला सात दिवस छावणीबाहेर ठेवले, तेथेही हाच धातू आहे. त्या प्रसंगाचा शेवट असा की तिला परत आत आणीपर्यंत लोकांनी आपला तळ हलवला नाही. ती बाहेर होती, पण तिच्यासाठी सारे जण थांबले होते.

आपल्या घरातील आजाऱ्याला हेच कळले पाहिजे. दार पुढे केले असले तरी पलीकडून कोणी दर तासाने विचारते आहे, त्याच्या वाटची पेज गरम आहे, आणि तो उठून बसेपर्यंत घर त्याच्यासाठी थांबले आहे.

कुटुंबात विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घरात फ्लूचा अधिक धोका कोणाला आहे? ताप दुसऱ्या कोणाला आला तर त्यांना कोठे झोपवता येईल?

२. आपल्या गावी साथीचा हंगाम कोणता? लस कोणत्या महिन्यात आणि कोणाला प्रथम द्यावयाची?

३. आईलाच ताप आला तर स्वयंपाक, मुले आणि शुश्रूषा यांतील कोणते काम कोण करील?

४. रात्री-अपरात्री जाता येईल असे जवळचे रुग्णालय कोणते? वाहन कोणाचे मिळेल?

५. आपल्या मंडळीत किंवा शेजारी एकटे राहणारे वृद्ध कोण आहेत? साथीच्या दिवसांत त्यांना रोज फोन कोण करील?